कुष्ठ, लेप्रसी आणि केसपेपरवरील एक शब्द

पनवेलहून मालडुंग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेरे हे गाव लागते. जवळून गाढी नदी वाहते आणि पूर्वेकडे माथेरान-प्रबळगडाची डोंगररांग दिसते. आयुर्वेदीयांना पनवेलचा परिचय करून देण्याची आवश्यकता नाही. १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी श्री धूतपापेश्वर या औषधी कारखान्याचा पाया याच पनवेलमध्ये घातला. नेरे मात्र आणखी एका कारणाने परिचित आहे. कुष्ठरोग निवारण समितीचे ‘शांतिवन’ येथे आहे. कुष्ठरुग्णांच्या उपचारासाठी व पुनर्वसनासाठी उभ्या राहिलेल्या या परिसरात पुढे वृद्धाश्रम आणि निसर्गोपचार केंद्रही आले.

या गावी व्यवसाय करीत असताना एक गोष्ट रोज आमच्या डोळ्यांसमोर असते. संस्थेच्या नावात ‘कुष्ठरोग’ आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील उपचारपत्रिकेवर ‘लेप्रसी’ आहे. आमच्या टेबलावरील चरकसंहितेत ‘कुष्ठ’ आहे. दारात उभा असलेला रुग्ण या तिन्ही शब्दांचा अर्थ एकच समजतो आणि त्या अर्थाला तो ‘महारोग’ म्हणतो. हे तीन शब्द समानार्थी नाहीत, हे आपण सर्वजण प्रथम वर्षापासून शिकलो आहोत. परंतु शिकलेले व्यवहारात किती उतरते? प्रस्तुत लेखात आम्ही ‘लेप्रसी’ या इंग्रजी नामाचा अर्थ, त्याचा प्रवास आणि त्याची आपल्या ‘कुष्ठा’शी पडलेली गाठ यांचा विचार करणार आहोत. विषय भाषेचा दिसला, तरी त्याचे परिणाम रुग्णाच्या घरापर्यंत पोहोचतात. ते आम्ही दोनदा पाहिले आहेत, आणि दोन्ही वेळा चूक आमचीच होती.

एका केसपेपरची हकीकत

व्यवसायाची पहिली दोन-तीन वर्षे. जवळच्या एका गावातील वीस-एकवीस वर्षांची मुलगी आमच्याकडे उपचारास येत असे. कोपर व गुडघ्यांवर रूक्ष, खर, काळपट चट्टे. त्यांवरून चंदेरी खपल्या निघत. आधुनिक परिभाषेत सोरायसिस. आम्ही केसपेपरवर मोठ्या अभिमानाने लिहिले – ‘निदान : किटिभ कुष्ठ’. संहितोक्त निदान लिहिल्याचे समाधान त्या वयात फार मोठे असते. वमन, विरेचन, पथ्य असे सर्व क्रमाने झाले. मुलीला उपशयही चांगला मिळाला.

तिचे लग्न ठरले. साखरपुड्यानंतर काही दिवसांनी, सासरच्या मंडळींपैकी कोणाच्या तरी हाती तो केसपेपर पडला. त्यांनी ‘किटिभ’ वाचले नाही. त्यांनी ‘कुष्ठ’ वाचले. चार दिवसांनी मुलीचे वडील दवाखान्यात आले. ते रागावलेले नव्हते, हेच आम्हांस अधिक लागले. त्यांनी घडी घातलेला कागद टेबलावर ठेवला आणि एवढेच विचारले, “डॉक्टर, माझ्या पोरीला महारोग होता, तर मला आधी का नाही सांगितलंत?”

आम्ही त्याच दिवशी त्यांच्यासोबत मुलाच्या घरी गेलो. त्वचारोगतज्ज्ञांचे पत्र नेले. कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले, क्षुद्रकुष्ठ म्हणजे काय ते सांगितले, नायटा आणि खरूजही शास्त्रात कुष्ठातच मोडतात हे सांगितले. घरातील वडीलधाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले, चहा दिला आणि म्हणाले, “तुमचं खरं असेल. पण कागदावर तर तुम्हीच लिहिलंय.” ते लग्न झाले नाही. दोन वर्षांनी तिचा विवाह अन्यत्र झाला व ती सुखात आहे. परंतु त्या दोन वर्षांचा हिशेब कोणाच्या नावे मांडायचा, या प्रश्नाचे उत्तर आम्ही स्वतःस देऊन चुकलो आहोत.

‘लेप्रा’पासून ‘लेप्रसी’पर्यंत

गंमत अशी की, इंग्रजी ‘लेप्रसी’ या शब्दाचे पूर्वचरित्र आपल्या ‘कुष्ठा’पेक्षा फारसे निराळे नाही. त्याचे मूळ ग्रीक ‘लेप्रा’ हा शब्द. ‘लेपिस’ म्हणजे खवला. ज्या विकारात त्वचा खवल्यांसारखी सुटते तो ‘लेप्रा’. हिपोक्रेटिसच्या परंपरेतील ग्रंथांत हा शब्द खाजऱ्या, कोरड्या, खपल्यायुक्त त्वग्विकारांसाठी येतो. आज ज्यास आपण लेप्रसी म्हणतो, त्या व्याधीसाठी ग्रीक वैद्य ‘एलिफंटायसिस’ हा वेगळा शब्द योजीत. म्हणजे मूळ ‘लेप्रा’ हा आपल्या किटिभ-एककुष्ठाच्या जवळचा होता.

मग अर्थ पालटला कसा? भाषांतराने. हिब्रू धर्मग्रंथात ‘त्साराअथ’ असा एक शब्द येतो. तो अंगावरील डागांसाठी येतो, तसाच कपड्यांवरील आणि घराच्या भिंतींवरील डागांसाठीही येतो. अर्थात तो एखाद्या जंतुजन्य व्याधीचे नाव असणे शक्य नाही. तो धार्मिक अशुद्धीचा निर्देश आहे. इसवी सनापूर्वी या ग्रंथांचे ग्रीक भाषांतर झाले, तेव्हा भाषांतरकारांनी ‘त्साराअथ’साठी ‘लेप्रा’ हा शब्द घेतला. खवल्यांच्या साध्या विकाराला अशुद्धीचा कलंक तेथे चिकटला. पुढे अकराव्या शतकाच्या सुमारास अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये आले. त्यांतील ‘जुझाम’ हे खऱ्या अर्थाने आजच्या लेप्रसीचे वर्णन होते. त्यासाठीही ‘लेप्रा’ हाच शब्द वापरला गेला. एका शब्दात तीन गोष्टी कोंबल्या गेल्या : ग्रीकांचा त्वग्विकार, हिब्रूंची अशुद्धी आणि अरबांचा महाव्याधी. युरोपात कित्येक शतके रुग्णाला गावाबाहेर काढले गेले, ते या तिहेरी ओझ्याखाली.

त्वचारोगशास्त्रातही हा गोंधळ दीर्घकाळ टिकला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनचे रॉबर्ट विलन यांनी त्वग्विकारांचे वर्गीकरण केले. त्यांनी आजच्या सोरायसिसच्या काही रूपांना ‘लेप्रा’ हेच नाव दिले होते. व्हिएन्नाचे हेब्रा यांनी १८४१ मध्ये ते नाव सोरायसिसमधून काढून टाकले. १८७३ साली नॉर्वेतील बर्गन येथे हॅन्सन यांना या व्याधीचा जीवाणू दिसला. तेव्हापासून ‘लेप्रसी’ या शब्दाला निश्चित मर्यादा मिळाली : मायकोबॅक्टेरियम लेप्री या जीवाणूमुळे त्वचा व परिसरीय नाड्यांना होणारा विकार, आणि अन्य काही नाही.

म्हणजे इंग्रजी शब्द प्रथम व्यापक होता, नंतर गोंधळला आणि शेवटी एका व्याधीपुरता आकसला. आपला ‘कुष्ठ’ शब्द शास्त्रात आजही व्यापकच आहे. व्यवहारात मात्र तो आकसला, आणि तो इंग्रजीच्या सावलीत आकसला.

संहितेतील कुष्ठ

वाचकांस हे पाठ आहेच, तरी संदर्भासाठी थोडक्यात नोंदवितो. चरकांनी सात महाकुष्ठे सांगितली : कपाल, उदुंबर, मंडल, ऋष्यजिह्व, पुंडरीक, सिध्म व काकणक. अकरा क्षुद्रकुष्ठे : एककुष्ठ, चर्माख्य, किटिभ, विपादिका, अलसक, दद्रु, चर्मदल, पामा, विस्फोट, शतारु व विचर्चिका. सुश्रुतांनी दद्रूला महाकुष्ठांत व सिध्माला क्षुद्रकुष्ठांत स्थान दिले. वात, पित्त, कफ हे तीन दोष आणि त्वचा, रक्त, मांस, लसीका ही चार दूष्ये, असा सप्तद्रव्यसंग्रह सर्वांच्या मुळाशी सांगितला आहे. या यादीत नायटा आहे, खरूज आहे, इसब आहे, भेगाळलेल्या टाचाही आहेत. या सर्वांना ‘लेप्रसी’ म्हणणे हे केवळ चुकीचे नाही, ते हास्यास्पद आहे.

तरीही कुष्ठात आजची लेप्रसी नाही, असे म्हणता येत नाही. पूर्वरूपांत स्पर्शज्ञान नाहीसे होणे, घाम अतिशय येणे किंवा मुळीच न येणे ही लक्षणे सांगितली आहेत. पुढील अवस्थांत बोटे झडणे, नाक बसणे, स्वरभेद होणे यांचा उल्लेख आहे. सुश्रुतांनी एकापासून दुसऱ्यास होणाऱ्या औपसर्गिक रोगांत कुष्ठाची गणना केली आणि तुवरक तैलाचा स्वतंत्र कल्प सांगितला. तुवरक म्हणजे सह्याद्रीच्या जंगलात आढळणारे कडू कवठ. याच कुळातील चौलमुग्रा तेल विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, सल्फोन औषधे येईपर्यंत, जगभर या व्याधीसाठी वापरले जात होते. तात्पर्य, लेप्रसी ही कुष्ठाच्या मोठ्या घरातील एक खोली आहे. त्या एका खोलीचे नाव सगळ्या घराला देणे, ही आपली अडचण आहे.

भाषांतराची किंमत

हे नाव दिले कोणी? एकोणिसाव्या शतकात युरोपीय विद्वान आपले वैद्यकग्रंथ वाचू लागले. होरेस हेमन विल्सन यांचा कुष्ठावरील निबंध १८२५ मध्ये कलकत्त्याच्या वैद्यक संस्थेच्या ग्रंथात प्रसिद्ध झाला, त्याच्या शीर्षकातच कुष्ठ म्हणजे लेप्रसी असे समीकरण होते. मोनियर-विल्यम्स यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशानेही कुष्ठापुढे ‘लेप्रसी’ हाच अर्थ दिला. तिचे अठरा प्रकार असल्याची नोंदही तेथेच केली. लेप्रसीचे अठरा प्रकार असतात काय, असा प्रश्न त्या नोंदीपाशी पडायला हवा होता. तो बराच काळ कोणास पडला नाही. पुढे संहितांची इंग्रजी भाषांतरे झाली, पाठ्यपुस्तके झाली, औषधांची सूचिपत्रे छापली गेली. कोशातील तो शब्द सर्वत्र पोहोचला.

लोकभाषेतील चित्र आणखी गुंतागुंतीचे आहे. ‘कुष्ठ’ या एकाच शब्दापासून हिंदीत ‘कोढ’ झाला व मराठीत ‘कोड’ झाले. हिंदी भाषकाचा कोढ म्हणजे लेप्रसी. मराठी माणसाचे कोड म्हणजे श्वित्र, ज्यास इंग्रजीत व्हिटिलिगो म्हणतात, आणि ज्यात ना संसर्ग ना बधिरता. पनवेल परिसरात आता उत्तर भारतातून आलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. पांढरे कोड असलेल्या मराठी रुग्णाने शेजारणीस सांगितले की मला कोड आहे, तर ती बिचारी भलतेच समजते. हा प्रसंग आमच्या प्रतीक्षाकक्षात घडलेला आहे.

‘रक्तपिती’ची कथा अशीच. जुन्या मराठीत रक्तपिती म्हणजे लेप्रसी. आपल्या शास्त्रात रक्तपित्त म्हणजे ऊर्ध्व वा अधोमार्गाने रक्तस्राव होणारा व्याधी. घोणा फुटलेल्या मुलाच्या आजीस आपण ‘रक्तपित्त’ म्हणालो, तर तिच्या चेहऱ्याचा रंग का उडतो, हे यावरून ध्यानी यावे.

आणि ‘महारोग’? सुश्रुतांनी वातव्याधी, प्रमेह, कुष्ठ, अर्श, भगंदर, अश्मरी, मूढगर्भ व उदर असे आठ महागद सांगितले. दुश्चिकित्स्य म्हणून ते महान. त्या न्यायाने मधुमेहाचा प्रत्येक रुग्ण महारोगीच ठरेल. परंतु समाजाने सात व्याधींवरून हे विशेषण उतरविले आणि एकट्या कुष्ठाच्या माथी ठेवले.

व्याधीचे नाव माणसाला

‘लेप्रसी’पेक्षाही अधिक घाव करणारा शब्द म्हणजे ‘लेपर’. व्याधीचे नाव माणसालाच दिले की माणूस संपतो आणि व्याधी उरते. मुंबईत १८९० साली वडाळा-माटुंगा परिसरात स्थापन झालेले रुग्णालय आज ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय म्हणून ओळखले जाते. प्रारंभी त्याचे नाव ‘होमलेस लेपर असायलम’ असे होते. ज्यांचे नाव त्यास मिळाले ते महापालिका आयुक्त ॲकवर्थ हे मराठी पोवाड्यांचे संग्राहकही होते; मराठीवर त्यांचे प्रेम होते. चांगल्या माणसांनी चांगल्या हेतूने काढलेल्या संस्थेवरही तो शब्द होता, इतका तो त्या काळी सहज होता. १८९८ च्या कायद्याचे नावच ‘लेपर्स ॲक्ट’. तो केंद्रीय कायदा २०१६ मध्ये रद्द झाला.

१९४८ साली हवाना येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ‘लेपर’ हा शब्द वापरू नये, असा ठराव केला. ब्राझीलने १९९५ मध्ये कायदा करून शासकीय व्यवहारात ‘हॅन्सनिआसे’ हे नाव स्वीकारले. आपल्याकडे २०१९ च्या वैयक्तिक कायदे दुरुस्ती अधिनियमाने लेप्रसी हे घटस्फोटाचे कारण म्हणून वगळले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘लेप्रसी बरी झालेली व्यक्ती’ अशी शब्दयोजना आहे. तिचा अर्थ शब्दशः घ्यावा : व्यक्ती प्रथम, आणि ती बरी झालेली.

महाराष्ट्राने तर याबाबत पुष्कळ पूर्वी पाऊल उचलले होते. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण, अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन, वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटे यांनी या रुग्णांस माणूस म्हणून उभे केले. त्यांनी वसविलेल्या वसाहतींची नावे पाहा – तपोवन, आनंदवन, आणि आमच्या नेऱ्याचे शांतिवन. व्याधीच्या नावाने माणसाला हाक मारायची नाही, हे त्यांना कोणत्याही परिषदेच्या ठरावावाचून उमगले होते.

दुसरी चूक

येथवर वाचून कोणास वाटेल की, लेप्रसी हा शब्द टाळला म्हणजे झाले. तसे नाही. शब्द टाळल्यानेही हानी होते, हे आम्हांस दुसऱ्या रुग्णाने शिकविले.

डोंगराच्या पायथ्याच्या वाडीतील एक चाळिशीचा शेतमजूर. उजव्या हाताच्या बाहेरील बाजूस फिकट, किंचित तांबूस असा एकच चट्टा. खाज नाही, वेदना नाही. आम्ही सिध्म असे टिपून आरोग्यवर्धिनी, महामंजिष्ठादि क्वाथ आणि बाहेरून करंज तैल दिले. चार महिने तो नियमित आला. पाचव्या महिन्यात आला तो हाताला फोड घेऊन. चुलीवरचे भांडे उतरविताना भाजले होते आणि त्यास ते कळलेच नव्हते. तेव्हा कुठे आम्ही कापसाचा बोळा हाती घेतला. चट्ट्यावर स्पर्शज्ञान नव्हते. कोपरामागील नाडी दोरीसारखी जाड लागत होती. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट वाकू लागले होते.

स्पर्शाज्ञत्व हे पूर्वरूप आम्ही परीक्षेत लिहिले होते. चार महिन्यांत एकदाही ते तपासले नव्हते. कारण मनात दडलेली समजूत अशी की, ‘ते’ कुष्ठ आता राहिलेले नाही. जे आपल्याकडे येते ते ‘आपले’ कुष्ठ. २००५ च्या डिसेंबरमध्ये भारताने लेप्रसीचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले, ते ‘दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण’ या व्याख्येनुसार. ‘एलिमिनेशन’ या इंग्रजी नामाचाही असाच घात झाला. त्याचा अर्थ सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून प्रमाण एका मर्यादेखाली येणे इतकाच आहे; आपण तो व्याधी संपला असा घेतला. देशात आजही दरवर्षी एक लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात.

आम्ही त्यास निदान सांगितले, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, “म्हणजे आता मला घर सोडावं लागणार?” आम्ही म्हणालो, “नाही. घरीच राहायचं, घरच्या ताटात जेवायचं आणि गोळ्या घ्यायच्या.” प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याचे बहुविध औषधोपचार सुरू झाले व पूर्ण झाले. व्याधी बरा झाला. दोन बोटे मात्र पूर्ण सरळ झाली नाहीत. तो आजही भेटतो, त्याच हाताने नमस्कार करतो.

चिकित्सकांसाठी

या दोन अनुभवांनंतर आम्ही आमच्या दवाखान्यात काही नियम केले. ते आपणांपुढे ठेवतो.

पहिला : केसपेपरवर ‘कुष्ठ’ हा शब्द एकटा लिहायचा नाही. विशिष्ट प्रकाराचे नाव लिहावे आणि त्यापुढे आधुनिक नाव लिहावे. ‘किटिभ (सोरायसिस)’, ‘विचर्चिका (एक्झिमा)’, ‘दद्रु (नायटा)’ याप्रमाणे. रुग्णाच्या हाती जाणारा कागद हा शास्त्रार्थसभेतील प्रबंध नव्हे.

दुसरा : फिकट वा तांबूस असा कोणताही चट्टा दिसला की डोळे मिटावयास सांगून कापसाच्या धाग्याने किंवा बॉलपेनच्या टोकाने हलका स्पर्श करून पाहावा. कोपरामागील, गुडघ्याच्या बाहेरील बाजूची, घोट्यामागील आणि मानेवरील नाडी चाचपावी. दोन मिनिटे लागतात. चट्ट्यावरील निश्चित बधिरता. बधिरतेसह वा अशक्ततेसह जाड झालेली नाडी. त्वचेच्या लेखनपरीक्षेत आढळलेले जीवाणू – यांपैकी एक जरी असले तरी निदान लेप्रसी.

तिसरा : निदान किंवा संशयही झाला तर आरोग्य केंद्राकडे पाठवावे. रिफाम्पिसिन, डॅप्सोन व क्लोफाझिमिन यांवर आधारित बहुविध उपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये केली. हा उपचार शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतो. चट्टे पाचपर्यंत असल्यास सामान्यतः सहा महिने, अधिक असल्यास बारा महिने. येथे केवळ आपल्या औषधांवर विसंबून कालहरण करणे हा शास्त्राभिमान नव्हे. नाडीची हानी एकदा झाली की ती बव्हंशी परत भरून येत नाही.

चौथा : हे उपचार चालू असताना रुग्ण आपल्याकडे येतो, तेव्हा त्याच्या मनात शंका असतात. मूत्र लालसर होते, त्वचा काळवंडते, म्हणून तो ‘औषध गरम पडले’ असे सांगतो. ही त्या औषधांची अपेक्षित लक्षणे आहेत. उपचार थांबवू नयेत, हे त्यास आपणच सांगावे. एकाएकी चट्टे सुजले, नाडी दुखू लागली, हातापायातील शक्ती गेली किंवा डोळा लाल झाला तर त्याच दिवशी परत पाठवावे. बधिर हातापायांची निगा, भेगांवर स्नेहन, पादत्राणांची सवय, पथ्य आणि धीर – येथे आपले काम मोठे आहे.

पाचवा : ‘महारोगी’, ‘कुष्ठी’ हे शब्द तोंडातून जाऊ द्यायचे नाहीत. संहितेत ‘कुष्ठी’ हा केवळ वर्णनात्मक शब्द आहे, हे खरे. पण तो ऐकणारा संहिता वाचून आलेला नसतो.

औषधनिर्मात्यांसाठी

आपल्या वेष्टनांवर आणि माहितीपत्रकांवर ‘कुष्ठ’, ‘कुष्ठघ्न’, ‘सर्वकुष्ठहर’ हे शब्द परंपरेने येतात. चरकांनी खदिराला कुष्ठघ्न द्रव्यांत श्रेष्ठ मानले, कुष्ठघ्न महाकषायात दहा द्रव्ये सांगितली. मूळ संस्कृत वा मराठी मजकुरात हे शब्द असण्यास हरकत नाही. अडचण येते ती इंग्रजी बाजूला. तेथे कोणी कोश पाहून ‘लेप्रसी’ असे छापले की दोन गोष्टी होतात. पहिली, आपण जो दावा कधी केलाच नव्हता तो आपल्या नावे छापला जातो. दुसरी, १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात लेप्रसी आणि श्वित्र या दोहोंचा समावेश आहे. त्या व्याधींवरील उपचाराची जाहिरात हा गुन्हा ठरू शकतो. एका चुकीच्या नामापायी कारखान्यास नोटीस यावी, हे कोणासही परवडणारे नाही.

उपाय सोपा आहे. शासनाच्या आयुर्वेदिक फार्माकोपियाच्या इंग्रजी पाठात ‘कुष्ठ’ हा शब्द रोमन अक्षरांत तसाच ठेवला जातो. तसे करावे, किंवा ‘त्वचाविकार’ या अर्थाचा सामान्य इंग्रजी शब्द योजावा. जुन्या सूचिपत्रांची एकवार तपासणी करावी. छपाईखान्यात वर्षानुवर्षे तोच मजकूर पुढे चालत राहतो आणि कोणी वाचत नाही.

एक किरकोळ वाटणारी गोष्ट कच्च्या मालाची. ‘कुष्ठ’ नावाचे एक द्रव्यही आहे, हिमालयातील सुगंधी मूळ. बाजारात त्यास उपलेट म्हणतात. आमच्या दवाखान्यातील फडताळात पूर्वी एका बरणीवर ठळक अक्षरांत ‘कुष्ठ चूर्ण’ असे लिहिलेले होते. एके दिवशी एका आजींनी ती चिठ्ठी वाचली आणि शेजारच्या बरणीतील सितोपलादि घेण्यासही नकार दिला. त्या सायंकाळी आम्ही ‘उपलेट’ अशी नवी चिठ्ठी चिकटविली. किरकोळ विक्रेत्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

शेवटी

शास्त्राचे शब्द बदलावेत, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ‘कुष्ठ’ हा शब्द आपल्या निदानपद्धतीत सप्तद्रव्यांची विकृती सांगतो, चिकित्सेची दिशा सांगतो. कोणताही इंग्रजी शब्द त्याची जागा घेऊ शकत नाही. तो आपल्या ग्रंथांत, आपल्या चर्चेत, आपल्या विद्यार्थ्यांपुढे अठरा प्रकारांसह पूर्ण वैभवाने नांदावा. आणि ‘लेप्रसी’ हे नाव एका जीवाणूच्या, बरा होणाऱ्या व्याधीपुरते राहावे. ते जेथे लागू आहे तेथे न कचरता, वेळेवर उच्चारावे.

त्या मुलीचा केसपेपर आमच्याकडे अद्याप आहे. तिच्या वडिलांनी तो टेबलावर ठेवला होता, तो परत नेला नाही. नवीन आंतरवासी विद्यार्थी आमच्याकडे बसावयास आला की पहिल्या दिवशी आम्ही त्यास तो दाखवितो आणि विचारतो, “यात निदान चुकले आहे का?” तो तपशील वाचतो, चट्ट्यांचे वर्णन पाहतो आणि म्हणतो, “नाही सर, बरोबर आहे.” मग आम्ही त्यास हीच हकीकत सांगतो.